सांगे-केप्याचे दोन दिवस: उसगाळीमळ, रिवण, कुर्डी आणि पाण्याचं वेळापत्रक

दक्षिण गोव्यातल्या उसगाळीमळला कातळशिल्पं, म्हणजे खडकात कोरलेली प्राचीन चित्रं, पाहायला जाऊन “तिथं काही नाही हो, नुसता खडक आहे” असं सांगत परतणारी माणसं खोटं बोलत नसतात. भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, कुशावतीच्या काठचा तो कातळ खरंच नुसता खडक दिसतो. तपकिरी-काळपट जांभा, त्यावर वाळकी पानं, बाजूला संथ नदी. त्याच जागी सकाळी साडेआठला उभं राहिलं तर पायाशी वशिंडाचा बैल असतो, दोन पावलांवर हरण, आणि पलीकडे एकात एक गुंतलेल्या वर्तुळांचा भलामोठा चक्रव्यूह. दगड तोच असतो, बदललेला असतो तो उजेडाचा कोन. म्हणून या सहलीत हॉटेल कोणतं आणि जेवण कुठं हे प्रश्न दुसऱ्या नंबरवर येतात. पहिला प्रश्न घड्याळाचा आणि त्याच्याही आधी कॅलेंडरचा.

हा आढावा गाडीने दोन दिवस, एक मुक्काम आणि सोबत मुलं व एखादी आजी असं कुटुंब धरून लिहिला आहे. मोटारसायकलवरच्या दोघांसाठी यातलं बरंच सोपं होईल.

आधी कॅलेंडर. सांगे तालुक्यातली पाहण्यासारखी तीन ठिकाणं पाण्याशी बांधलेली आहेत आणि तिन्हींचं पाणी वेगवेगळ्या महिन्यांत हवं तसं असतं. उसगाळीमळचा कातळ नदीच्या अगदी काठावर, त्यामुळे पावसाळ्यात कुशावती त्यावर चढते आणि ओसरताना गाळाचा थर मागे ठेवते. साळावली धरणाचा प्रसिद्ध सांडवा वाहतो तो मात्र याच काळात, धरण भरल्यावर, साधारण जुलै-ऑगस्टपासून. आणि धरणाखाली गेलेलं कुर्डी गाव वर येतं ते पाणी तळाला गेल्यावर, एप्रिलअखेरपासून जूनच्या पहिल्या मोठ्या सरींपर्यंत. “एकाच वीकेंडला सगळं बघून घेऊ” हा बेत इथं जमत नाही. सांडवा पाहिजे तर कातळशिल्पं सोडा, कुर्डी पाहिजे तर भाजून काढणारं ऊन सोसा. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर डिसेंबर-जानेवारी उत्तम: कातळ उघडा, हवा बरी, कुळागरांत (सुपारीच्या बागांत) हिरवळ, रानातल्या वाटा कोरड्या. पाहायलाच निघाला असाल, उन्हाची तयारी असेल, तर मेचा पहिला किंवा दुसरा आठवडा. एकाच फेरीत कातळशिल्पं आणि कुर्डी दोन्ही मिळण्याची तेवढीच संधी.

रस्ता. मडगावहून पारोडा, केपे, जांबावली, रिवण असा सरळ मार्ग आहे. फोंड्याकडून येणाऱ्यांनी बोरी, शिरोडा, पंचवाडी करत सावर्डे-कुडचडे गाठावं आणि तिथून सांगे किंवा रिवण धरावं. रेल्वेने यायचं तर मडगाव कोकण रेल्वेवर आहे, सावर्डे-कुडचडे हे वास्को-कुळे मार्गावरचं स्टेशन. सरकारी कदंबच्या आणि खाजगी बसेस केपे, सांगे, रिवणपर्यंत नेतात, पण पुढच्या आडवाटेला बसचा भरवसा धरून कुटुंब घेऊन जाऊ नये. टॅक्सी ठरवली तर ती जाण्या-येण्याची आणि थांबण्याच्या पैशांसकट ठरवावी. रिवणच्या पुढे उभं राहून परतीची टॅक्सी मागवता येईल ही आशा मडगावातच सोडून द्यावी. पेट्रोल आणि रोख रक्कम केपे किंवा कुडचड्यात घ्या. पुढे मोबाइलची रेंज येते-जाते, त्यामुळे यूपीआयवर विसंबलेला माणूस चहाच्या टपरीवरसुद्धा अडकतो. नकाशा फोनवर आधीच उतरवून ठेवा, आणि शोधताना दोन्ही नावं टाकून पाहा: उसगाळीमळ आणि पणसायमळ किंवा फणसायमळ. जागा एकच. एका नावाने शोधणारे आणि दुसऱ्या नावाचा फलक पाहून पुढे जाणारे नेहमी भेटतात.

शनिवारी सकाळी पहिलं उसगाळीमळ. वाटेत देऊळ, नाश्ता, फोटो काही नको. मडगावहून सातला निघालं तर साडेआठच्या आत पोहोचता येतं. रिवणहून नेत्रावळीच्या दिशेने गेलं की कोळंब परिसरात मुख्य रस्त्यावर फलक आहे. तिथून आत कच्चा रस्ता. नेहमीची गाडी कोरड्या दिवसांत जाते, पण खालून लागणारी, भरलेली सेडान असेल तर मोठ्यांनी उतरून चालावं. वाट बंद पडलेल्या खाणीजवळून जाते, खाणीच्या खड्ड्यात पाणी साठून तळं झालेलं आहे. दिसायला सुंदर, पण कडा ढिसूळ मातीची, खाली एकदम खोल. मुलांचा हात इथं सोडू नका. संपूर्ण सहलीत खऱ्या धोक्याची जागा कुठली असेल तर ही.

आता कातळाविषयी. १९९३ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या प. पु. शिरोडकर यांच्या पथकाने ही जागा अभ्यासकांपुढे आणली. गाववाल्यांना खोदचित्रांची माहिती होतीच. बैल, गवे, हरणं, मोर, माणसांच्या आकृत्या, नाचणारी स्त्री, वाटीसारखे खोदलेले गोल खळगे, आणि चक्रव्यूह. शंभराच्या वर आकृत्या मोजल्या गेल्या आहेत. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातली जी नऊ कातळशिल्प-स्थळं गेली, त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली सात, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं हे एक. रत्नागिरीतलं बारसू किंवा उक्षी पाहून आलेल्यांना इथला फरक लगेच कळेल. तिथली शिल्पं उघड्या सड्यावर, वर आभाळ आणि चहूकडे वारा. इथं झाडीने वेढलेला नदीकाठ, खाली पाणी. तिथं एकेक आकृती प्रचंड आणि सुटी, इथं आकृत्या एकमेकींच्या अंगावर आल्यासारख्या जवळजवळ. त्यामुळे इथं उभं राहून पाहण्यापेक्षा वाकून, बसून, हळूहळू सरकत पाहावं लागतं.

वयाबद्दल जो सांगेल तो ठाम आकडा सांगेल. वीस हजार वर्षं ऐकायला मिळेल, तीस हजारही मिळेल. ते आकडे मुलांना पाठ करायला लावू नका. उघड्या दगडावर नुसती रेघ कोरलेली असेल तर ती रेघ केव्हाची हे दगडातून थेट मोजता येत नाही. कोळसा, हाड असं काही त्याच थरात सापडावं लागतं. म्हणून अभ्यासकांची मतं मध्याश्मयुगापासून लोहयुगापर्यंत पसरलेली आहेत आणि सगळ्या आकृत्या एकाच काळात कोरल्या असतील असंही नाही.

पाहण्याची रीत. सूर्य तिरपा हवा: सकाळी साधारण साडेनऊपर्यंत किंवा दुपारी चारनंतर. झाडांची सावली कातळावर कुठे पडते ते महिन्यागणिक बदलतं. सकाळी अर्धा कातळ सावलीत असेल तर उन्हातला भाग आधी पाहून घ्या, सावली सरकते तसं पुढे जा. उशीर झालाच तर पाणी. नदीतून एक लिटरची बाटली भरून आणा आणि आकृतीच्या वरच्या बाजूने हलक्या हाताने सोडा. ओतल्या-ओतल्या काहीच कळत नाही, सगळा दगड एकसारखा काळा होतो. इथंच बहुतेक जण निराश होऊन पुढे जातात. दोन मिनिटं थांबा. उन्हाने वरचा पृष्ठभाग आधी सुकतो, कोरलेल्या खाचेत ओल राहते, आणि फिकट होत चाललेल्या दगडावर काळी रेघ हळूहळू उमटते. आधी शिंगं, मग पाठ, मग वशिंड. मुलांना ही दोन मिनिटं शांत बसवता आली तर सहल वसूल.

तिसरा उपाय छत्री आणि टॉर्च. भर दुपारीसुद्धा मोठी काळी छत्री उघडून आकृतीवर सावली करायची, मोबाइलचा टॉर्च जवळजवळ जमिनीला टेकवून आडवा धरायचा आणि हळूहळू आकृतीभोवती फिरवायचा. उजेड वरून टाकला तर रेघ दिसत नाही. आडवा टाकला की खाचेच्या एका कडेला सावली पडते आणि उथळातली उथळ रेघही उठते. फोटोसाठीही हेच. फ्लॅश बंद ठेवा, तो समोरून आपटतो आणि सगळं सपाट करून टाकतो.

न करण्याच्या गोष्टी थोड्या आणि कडक. खडूने रेघा गिरवू नका. फोटो छान येतो, पण जांभा सच्छिद्र दगड आहे, पांढरं भरतं ते आत बसतं, आणि पुढचा माणूस गिरवताना रेघ थोडी चुकवतो. असं चार वेळा झालं की मूळ आकृती कोणती आणि खडूची कोणती हेच कळेनासं होतं. दगडाने घासून “साफ” करू नका. वाळकी पानं हाताने किंवा साध्या झाडूने बाजूला सारायची, बस्स. शिल्पांवरून चालणं अगदी टाळता येत नाही, कारण ती सगळीकडे आहेत. म्हणून बूट काढून अनवाणी किंवा मोज्यांवर. साडेदहानंतर दगड तापतो, तेव्हा अनवाणी हा सल्ला कुणाला पटणार नाही. लवकर पोहोचण्याचं तेही एक कारण. स्थानिक राखणदार किंवा माहितगार जागेवर भेटला तर त्याला बरोबर घ्या आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. पाणी कुठं ओतायचं आणि कुठल्या खाचेत काय आहे हे त्याला माहीत असतं. त्याच्याशिवाय पाहणारा साधारण दहाएक आकृत्या पाहून परततो.

चक्रव्यूह शेवटी पाहावा. मुलं आल्या-आल्या तिकडेच धावतात आणि मग बाकीच्यात त्यांचा जीव रमत नाही. बोट हवेत धरून, दगडाला न लावता, बाहेरच्या कडेपासून आतपर्यंत वाट शोधायला सांगा. पहिल्या खेपेला कुणालाच जमत नाही.

या जागेला गुण द्यायचे तर पाहण्याच्या वस्तूला दहापैकी नऊ, सोयींना तीन. उन्हापासून आडोसा झाडांचाच. स्वच्छतागृहावर भरवसा ठेवू नका, ते काम केप्यात किंवा मुक्कामी उरकून या. पिण्याचं पाणी माणशी दीड लिटर, मेमध्ये अडीच. गुडघेदुखी असलेल्यांना कातळ उतरताना आधार लागतो, बाबागाडी निरुपयोगी. आजींसाठी घडीची हलकी खुर्ची आणली तर झाडाखाली नदीकडे तोंड करून त्या मजेत बसतात.

ऊन चढलं की रिवण. नाव ‘ऋषिवन’वरून आलं अशी स्थानिक समजूत आहे. गावात गोकर्ण पर्तगाळ मठाची शाखा आहे, आणि रस्त्यापासून थोडं खाली उतरलं की जांभ्यात कोरलेल्या गुहा. लोक त्यांना पांडवांच्या गुहा म्हणतात. अभ्यासक त्या साधारण सातव्या शतकातल्या बौद्ध विहाराच्या मानतात. गोव्यात दोन-चार दगड एकावर एक दिसले की पांडव तिथं राहून गेलेले असतातच, तेव्हा दोन्ही गोष्टी मुलांना सांगाव्यात. दाराशी मारुतीचं कोरीव रूप आहे, जवळ पायऱ्यांची छोटी तळी आणि झरा. उसगाळीमळच्या उन्हातून आल्यावर इथला गारवा जाणवतो, म्हणून हाच क्रम. आत वाकून जावं लागतं आणि दोन तोंडं जोडणारी अरुंद वाट काळोखी आहे. मोबाइलचा टॉर्च पुरत नाही, हातातली विजेरी हवी. शिरण्याआधी उजेड टाकून छत आणि कोपरे पाहा. वटवाघळं असतात, गारव्याला साप येऊन बसतात. दम्याचा त्रास किंवा बंद जागेची भीती असलेल्यांनी तळीजवळच थांबावं, त्यांचं फारसं काही चुकत नाही. पाऊण तास पुरतो.

जेवणासाठी जांबावली. दामोदराचं देवस्थान कुशावतीच्या काठावर आहे. सोळाव्या शतकात मडगावचा देव इथं हलवला गेला. इथला गुलाल म्हणजे शिगम्यातला (गोव्याच्या होळीतला) मोठा दिवस, त्या दिवसांत ही सहल आखू नका, रस्ताच मिळणार नाही. एरवी देवळाचा परिसर शांत, स्वच्छ आणि दुपारी सावली असलेला. आजींचा दिवस इथं भरून निघतो. देवस्थानच्या अग्रशाळेत भाविकांची उतरण्याची सोय असते. खोली मिळेल का, जेवण कधी, हे आधी फोनवर विचारून ठेवलेलं बरं. तिथं मासे-दारूची अपेक्षा धरून जाणाऱ्यांनी दुसरीकडे जावं.

खाण्याबद्दल एक सूचना, जिच्याकडे दुर्लक्ष करून अनेकांची दुपार फुकट जाते. या भागात दुपारी एक ते साडेतीन-चार दुकानं बंद, आणि रविवारी दुपारनंतर बरंच काही बंदच. छोट्या खाणावळीत शीत-कडी (भात-आमटी), हुमण (माशाची आमटी), किसमूर (सुक्या माशाची कोशिंबीर), तळलेला बांगडा बेताच्या अंदाजाने रांधलेला असतो. दोन वाजता पाच जणांनी जाऊन बसलं तर “संपलं” हेच ऐकू येणार. साडेबाराला पोहोचा. सकाळचा नाश्ता मात्र या भागाची खरी ताकद. केपे, कुडचडे, सांगेच्या बाजारातल्या कुठल्याही गजबजलेल्या चहाच्या हॉटेलात पाव किंवा उंडे, त्याबरोबर पातळ भाजी किंवा सुकी भाजी, मिरची भजी आणि बन. अर्धी-अर्धी मिसळून मागितली तर ‘मिक्स’ म्हणून मिळते. हॉटेल निवडताना पाट्या वाचू नका, बाहेर उभ्या स्कूटर मोजा. सकाळी निघताना उंडे आणि केळी गाडीत टाकून ठेवली की उसगाळीमळचा प्रश्न सुटला.

मुक्कामाला तीन पर्याय. अग्रशाळा वर आलीच. केपे-कुडचड्याचे लॉज कामापुरते ठीक, पण कुटुंबाला तिथं संध्याकाळी करायला काही नाही. तिसरा पर्याय रिवण ते नेत्रावळीच्या पट्ट्यातल्या कुळागरांतली घरगुती राहण्याची सोय. सुपारी, मिरवेल, जायफळ, केळी, मधून वाहणारा पाट. मुलांना इथलं पाणी कसं फिरवतात हे दाखवण्यासारखं आहे: डोंगरातलं पाणी चरातून आणून, मातीने इकडे बंद तिकडे उघडं करत, उताराने झाडाझाडाला. आरक्षण करताना तीन गोष्टी विचारा. गाडी दारापर्यंत येते का, की साकव ओलांडून सामान उचलायचं? जेवण किती तास आधी सांगावं लागतं? वीज गेली तर पंखा चालतो का? तिसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर एप्रिल-मेमध्ये तिथं राहू नका. आंघोळीचं पाणी अनेक ठिकाणी चुलीवर किंवा बंबात तापतं, त्यामुळे पाच जणांना तास-दीड तास धरा. आणि संध्याकाळी सातनंतर गाडी काढण्याचा बेत नको. रस्ते अरुंद, दिवे नाहीत, गुरं रस्त्यात बसलेली.

नेत्रावळीला शनिवारची संध्याकाळ द्यावी. गोपीनाथाच्या देवळाजवळ बुडबुड्यांची तळी आहे, पायऱ्यांची, हिरव्या पाण्याची, आणि तळातून सारखे बुडबुडे वर येत असतात. टाळ्या वाजवल्या की जास्त येतात असं म्हणतात. मुलं टाळ्या वाजवत बसतात आणि बुडबुडे आपल्या मर्जीने येत राहतात. वीस मिनिटं. सावरीचा धबधबा पावसाळ्यात आणि नंतरचे एक-दोन महिने पाहण्यासारखा असतो. उन्हाळ्यात त्यासाठी चढ-उतार करण्यात अर्थ नाही. पावसात गेलात तर जळवा चढतात: तंबाखूचं पाणी किंवा मीठ जवळ ठेवा, ओढून काढू नका.

रविवारी सकाळी सांगेच्या दिशेने. साळावली धरण सांगे गावापासून पाचेक किलोमीटरवर. सुमारे ४३ मीटर उंच, एक किलोमीटर लांब, दक्षिण गोव्याच्या नळांना इथूनच पाणी जातं. सांडव्याला बदकाच्या चोचीचा सांडवा म्हणतात. अर्धवर्तुळाकार कठडा, धरण भरलं की पाणी तिन्ही बाजूंनी आत कोसळतं आणि मधल्या खोलगट जागेतून खाली जातं. वाहता असेल तर तासभर उभं राहावं असं दृश्य. कोरडा असेल तर काँक्रीटचा मोठा हौद. पर्यटनाच्या जाहिरातींत फोटो पावसाळ्यातलाच असतो. डिसेंबरमध्ये तो फोटो मनात धरून गेलेली मंडळी कठड्यावर हिरमुसून उभी दिसतात. ऑगस्टच्या रविवारी जायचं तर नऊच्या आत, पुढे गाड्यांची रांग लागते.

धरणाच्या जवळच, फार कमी जण थांबतात असं एक लहान देऊळ आहे: कुर्डीचा महादेव. कदंबकालीन. मूळचं कुर्डीतलं, धरणाच्या पाण्यात जाणार होतं, म्हणून पुरातत्त्व विभागाने दगड-दगड सुटा करून सुमारे सतरा किलोमीटर दूर इथं पुन्हा उभं केलं. तांबडी सुर्ल्याच्या महादेवाशी तुलना करू नका. ते काळ्या दगडाचं, नक्षीदार, गोव्यातलं सर्वांत देखणं प्राचीन देऊळ, आणि त्यासाठी वेगळा दिवस हवा. कुर्डीचं देऊळ आकाराने लहान, साधं. पण सांधे निरखून पाहिले की एकेक दगड उतरवून पुन्हा त्याच जागी बसवणं म्हणजे काय काम असेल ते ध्यानात येतं. मुलांना हा प्रश्न घालावा: कोडं सोडवताना तुकडा चुकला तर बदलता येतो, इथं चुकला तर?

मग मे महिना असेल तर खुद्द कुर्डी. १९८० च्या दशकात धरणाचं पाणी चढलं आणि गाव गेलं. लोकांना वाडे आणि वालकिणीला वसवलं. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर, किशोरी आमोणकरांच्या आई, १९०४ मध्ये याच गावी जन्मल्या. दरवर्षी पाणी उतरलं की घरांचे चौथरे, वाटा, विहिरी, माडांचे कुजके बुंधे आणि सोमेश्वराच्या देवळाचे अवशेष उघडे पडतात आणि मेमध्ये जुने गावकरी इथं जमतात, हिंदू देवाच्या पूजेला, ख्रिस्ती आपल्या फेस्ताला. त्या दिवशी बाहेरच्यांनी गेलं तर पाहुण्यासारखं वागावं. चौथऱ्यावर चढून सेल्फी काढायच्या आधी एवढं लक्षात घ्यावं की तो कुणाच्या तरी स्वयंपाकघराचा चौथरा आहे आणि तो माणूस कदाचित दहा पावलांवर उभा आहे.

कुर्डीत दोन चुका होतात. पहिली गाडीची: तलावाचा सुकलेला तळ वरून टणक, भेगाळलेला दिसतो, पण पाण्याच्या कडेकडे पापुद्र्याखाली गाळ ओला असतो आणि चाक रुतलं की ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. जुन्या डांबरी वाटेवरच थांबा, पुढे चाला. दुसरी उन्हाची: मैलभर एक झाड नाही. आठला आत, दहाला बाहेर. टोपी, सुती कपडे, मीठ-साखरेचं पाणी. लहान मुलांना आणि आजींना मेमध्ये इथं आणूच नये. त्यांना धरणाजवळच्या बागेत ठेवून मोठ्यांनी दोन तासांत जाऊन यावं. एखाद्या वर्षी पाणी पुरेसं उतरतच नाही, म्हणून निघण्याआधी सांगेत चौकशी करा. चहावाल्याला नक्की माहीत असतं.

सांगे गाव छोटं, नदीकाठचं, अर्ध्या तासात संपणारं. बाजारात स्थानिक भाजी, हंगामात फणस, कोकमं, काजू. सुपारी आणि मिरी घ्यायची तर बाजारापेक्षा मुक्कामाच्या कुळागरातच घ्यावी.

परतीला केपे. १७८७ मध्ये जुझे पावलू द आल्मैदा या डीनने (चर्चमधल्या वरिष्ठ धर्मगुरूने) इथं नदीजवळ, चर्चच्या समोर वाडा बांधला आणि त्याच्याभोवती गाव वाढलं. डीनचा तो वाडा नीट दुरुस्त करून राखलेला आहे. तो पाहायचा किंवा तिथं जेवायचं तर आधी फोन करून ठरवावं, न सांगता दारात उभं राहण्याची ती जागा नव्हे. उसगाळीमळच्या तळाशी वाहणारी कुशावतीच इथंही शेजारी आहे, हे मुलांना नकाशावर बोटाने दाखवा.

वेळ उरला तर चांदर, मडगावच्या वाटेपासून फार दूर नाही. प्राचीन चंद्रपूर, भोजांची आणि पुढे कदंबांची राजधानी. तिच्या खुणा म्हणून आज देवळाचा विटांचा पाया आणि शिर नसलेला नंदी एवढंच पाहण्यासारखं. १९२९ मध्ये फादर हेरास यांनी इथं उत्खनन केलं. पंधरा मिनिटांचं काम, पण जागा विचारत जावी लागते. ‘नंदी कुठं’ असं विचारा, ‘राजधानी कुठं’ विचारलं तर समोरचा गोंधळतो. गर्दी असते ती ब्रागांझा घराण्याच्या जुन्या वाड्यात. एकाच लांबलचक घराच्या दोन बाजू, दोन वेगळी कुटुंबं, म्हणून दोन्हीकडे पैसे वेगळे आणि रोख. दोन्ही पाहण्याइतका दम मुलांमध्ये उरलेला नसतो. एक निवडायची तर ग्रंथसंग्रहासाठी पश्चिमेची.

सामानाची यादी अगदी छोटी ठेवता येते: मोठी काळी छत्री, हातातली विजेरी, रिकामी लिटरची बाटली, मऊ झाडू, जुने मोजे प्रत्येकी एक जोड, मिठाची पुडी, रोख पैसे सुट्या नोटांत. मोजे दोन जोड आणले तरी चालतील. पहिल्या जोडाला जांभ्याचा जो तांबूस रंग लागतो तो धुऊन जात नाही.